डेबियन बसवताना बंदिस्त फर्मवेअरचा निर्णय: कोणत्या क्रमाने आणि कशाच्या आधारे घ्यावा

जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून या लिनक्स प्रणालीच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्येच बंदिस्त फर्मवेअर (उपकरणांच्या चिपांवर चालणारे, पण स्रोत खुला नसलेले सॉफ्टवेअर) असते, आणि यंत्राला जे लागेल ते इन्स्टॉलर सहसा न विचारता बसवतो. त्यामुळे दोन प्रकारच्या चुका वारंवार होताना दिसतात. ज्यांना आपले यंत्र शक्य तितके मुक्त सॉफ्टवेअरवर चालवायचे असते, त्यांना कित्येक महिन्यांनी कळते की अर्धा डझन बंदिस्त फायली पहिल्याच दिवशी आत आल्या होत्या. याउलट काही जण सुरुवातीलाच सर्व फर्मवेअर नाकारतात, वाय-फाय बंद पडले की घाबरतात आणि मग बंदिस्त विभागातले दिसेल ते पॅकेज बसवत सुटतात. दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे. निर्णय संपूर्ण यंत्राबद्दल एका झटक्यात घेतला जातो, तोही प्रणाली बसवून झाल्यावर. तो प्रत्येक उपकरणाबद्दल स्वतंत्रपणे आणि आधी घ्यावा लागतो. पुढील टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत आणि तो क्रम मोडू नये.

आज्ञा, फायली आणि पॅकेजे यांची नावे या लेखात देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती रोमन लिपीतील लहान अक्षरांत टंकावीत.

## टप्पा १: कोणती वस्तू कुठे चालते हे आधी ओळखावे

‘बंदिस्त’ या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या जातात आणि बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो.

पहिली गोष्ट म्हणजे बंदिस्त ड्रायव्हर (उपकरण चालवणारा प्रणालीतला भाग). तो आपल्या मुख्य प्रोसेसरवर, कर्नलच्या (प्रणालीच्या गाभ्याच्या) आत, कर्नलच्याच अधिकाराने चालतो. एनव्हिडियाचा पारंपरिक ड्रायव्हर हे याचे ठळक उदाहरण आहे. दुसरी गोष्ट म्हणजे फर्मवेअरची फाइल. येथे ड्रायव्हर मुक्त असतो, परंतु यंत्र सुरू होताना तो डिस्कवरची एक बंदिस्त फाइल उचलून उपकरणाच्या स्वतःच्या चिपमध्ये भरतो आणि ती फाइल त्या चिपवर चालते. इंटेलचे वाय-फाय असेच आहे. ‘आयडब्ल्यूएलवायफाय’ हा ड्रायव्हर मुक्त आहे, पण फर्मवेअर मिळाले नाही तर तो काहीही करू शकत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे उपकरणाच्या फ्लॅशमध्ये कारखान्यातच भरलेले फर्मवेअर. एसएसडी किंवा कीबोर्डचा नियंत्रक यांत ते असते, आणि प्रणालीला त्याची फाइल कधीच दिसत नाही.

फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ही मुक्त सॉफ्टवेअरचा पुरस्कार करणारी संस्था यांपैकी तिसऱ्या प्रकाराकडे जवळजवळ विद्युतमंडलाचा भाग म्हणून पाहते आणि दुसरा प्रकार मान्य करत नाही. ही भूमिका सुसंगत असली, तरी व्यवहारात तिचा परिणाम विचित्र होतो, कारण तेच बंदिस्त फर्मवेअर चिपमध्ये पक्के बसवलेले असले की चालते आणि डिस्कवर दिसले की चालत नाही. माझ्या मते पहिल्या आणि दुसऱ्या प्रकारातला फरक अधिक महत्त्वाचा आहे. बंदिस्त ड्रायव्हर कर्नल बदलला की मोडतो आणि तो दुरुस्त करणे आपल्या हातात राहत नाही, तर फर्मवेअरची फाइल वर्षानुवर्षे निमूटपणे काम करते. तरीही ती निरुपद्रवी आहे असे मी म्हणणार नाही, कारण आयओएमएमयू (उपकरणांचा स्मृतीतला प्रवेश मर्यादित करणारी यंत्रणा) सुरू नसेल तर असे उपकरण मुख्य स्मृतीपर्यंत पोहोचू शकते.

डेबियनने ऑक्टोबर २०२२ च्या मतदानानंतर हाच फरक आपल्या पॅकेजांच्या भांडारातही आणला. ‘मेन’, ‘कॉन्ट्रिब’ आणि ‘नॉन-फ्री’ या विभागांच्या जोडीला ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ हा चौथा विभाग आला. इंटेल वाय-फायचे फर्मवेअर या नव्या विभागात आहे, तर एनव्हिडियाचा बंदिस्त ड्रायव्हर ‘नॉन-फ्री’मध्येच राहिला. म्हणून फर्मवेअर हवे असलेल्या माणसाने ‘नॉन-फ्री’ सुरू करण्याची काहीच गरज नाही. जुन्या सूचना वाचून अनेक जण ते उगाचच सुरू करतात.

तपासणी: या तीन प्रकारांपैकी आपण काय स्वीकारणार आणि काय नाकारणार, हे एका वाक्यात लिहून काढता आले पाहिजे. ते जमत नसेल, तर पुढे जाण्यात अर्थ नाही.

## टप्पा २: यंत्राची यादी करावी

यंत्रावर एखादी लिनक्स प्रणाली असेल तर तीतून, नसेल तर डेबियनच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू करावे. मग ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा ‘-एनएनके’ या पर्यायासह चालवावी. प्रत्येक उपकरणासमोर चौकोनी कंसात दोन भागांचा क्रमांक येतो. त्यातला पहिला भाग उत्पादकाचा असतो (इंटेलचा ८०८६) आणि दुसरा नेमक्या चिपचा. खालच्या ओळीत सध्या कोणता ड्रायव्हर ते उपकरण चालवत आहे हे दिसते. यूएसबीवर जोडलेल्या वस्तूंसाठी ‘एलएसयूएसबी’ वापरावे. लॅपटॉपचा ब्लूटूथ पुष्कळदा याच दुसऱ्या यादीत सापडतो. तो वाय-फायच्याच कार्डावर असला, तरी त्याचे फर्मवेअर वेगळे असते आणि लोक तो हमखास विसरतात.

फक्त विंडोज उपलब्ध असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये उपकरणाच्या गुणधर्मांत ‘हार्डवेअर आयडी’ पाहावा. क्रमांक तेच मिळतात.

यानंतर प्रत्येक ड्रायव्हर कोणत्या फायली मागू शकतो हे पाहण्यासाठी ‘मॉडइन्फो’ या आज्ञेला ‘-एफ फर्मवेअर’ हा पर्याय आणि ड्रायव्हरचे नाव द्यावे (यातला ‘एफ’ मात्र मोठ्या अक्षरात टंकावा). येथे एक सापळा आहे. ही यादी त्या ड्रायव्हरला ठाऊक असलेल्या सर्व चिपांची असते, केवळ आपल्या चिपची नव्हे. इंटेल वाय-फाय किंवा एएमडी ग्राफिक्ससाठी ती पडदाभर लांबते. ती पाहून यंत्राला शेकडो बंदिस्त फायली लागतात असा समज करून घेऊ नये. प्रत्यक्षात काय भरले गेले ते कर्नलच्या नोंदींतच दिसते. त्यासाठी ‘जर्नलसीटीएल -के -बी’ चालवून ‘फर्मवेअर’ हा शब्द शोधावा. डेबियनमध्ये साध्या वापरकर्त्याला कर्नलच्या नोंदी सहसा वाचता येत नाहीत, म्हणून ही आज्ञा किंवा त्याच नोंदी दाखवणारी ‘डीमेसग’ मूळ प्रशासकाच्या अधिकाराने चालवावी.

इशारा: खोक्यावरच्या मॉडेलच्या नावावर विसंबू नये. टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एन या यूएसबी अडॅप्टरच्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची एआर९२७१ ही चिप आहे आणि तिचे फर्मवेअर मुक्त आहे. दुसऱ्या आवृत्तीपासून त्याच नावाखाली रियलटेकची चिप येऊ लागली. नाव तेच आणि रूपही जवळपास तेच, पण आपल्या कामासाठी ती सर्वस्वी वेगळी वस्तू आहे.

## टप्पा ३: मुक्त कर्नलवर चाचणी घ्यावी

यादी कागदावर झाली, आता तिची प्रत्यक्ष परीक्षा. ट्रिस्केल ही फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने मान्य केलेली प्रणाली ‘लिनक्स-लिब्रे’ या कर्नलवर चालते आणि हा कर्नल बंदिस्त फर्मवेअर मागतच नाही. तिचा लाइव्ह पेनड्राइव्ह तयार करून, काहीही न बसवता, यंत्र त्यावरून सुरू करावे. मग वाय-फाय, तारेचे नेटवर्क, ब्लूटूथ, आवाज, कॅमेरा, पडद्याचे पूर्ण रिझोल्यूशन आणि झाकण बंद करून पुन्हा उघडल्यावर यंत्र जागे होणे या सर्व गोष्टी एकेक करून पाहाव्यात आणि यादीत नोंदवाव्यात.

न चाललेल्या उपकरणासाठी कर्नलच्या नोंदी वाचाव्यात. फायलीचे नाव जिथे असायला हवे, तिथे ‘डीब्लॉब्ड’ असा शब्द दिसला आणि मुक्त फर्मवेअर नसल्याचा निरोप आला, तर कारण निःसंशय फर्मवेअरच आहे. परंतु त्या उपकरणाबद्दल एकही ओळ नसेल आणि त्याला ड्रायव्हरच जोडलेला दिसत नसेल, तर दोष बहुधा दुसरीकडे असतो. ट्रिस्केलचा कर्नल त्या चिपपेक्षा जुना असू शकतो. उदाहरणार्थ, २०२३ मध्ये आलेली ट्रिस्केल ११ ही उबुंटू २२.०४ वर आधारलेली आहे आणि त्यानंतर बाजारात आलेल्या कित्येक चिपा तिच्या मूळ कर्नलला माहीतच नाहीत. अशा वेळी फर्मवेअरला दोष देणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देणे होय.

तपासणी: प्रत्येक न चालणाऱ्या उपकरणासमोर ‘फर्मवेअर नाही’ किंवा ‘कर्नल जुना’ यांपैकी एक शेरा पडला पाहिजे. ‘चालत नाही’ एवढाच शेरा पुरेसा नाही.

## टप्पा ४: एकेका उपकरणाचा निर्णय घ्यावा

आता यादी पुढे ठेवून प्रत्येक ओळीचा निकाल लावावा. पर्याय चारच आहेत: आहे तसे चालू द्यावे, फर्मवेअरची फाइल स्वीकारावी, उपकरण बदलावे, किंवा त्याविना राहावे.

*प्रोसेसरचा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आत चालणारे त्याचे स्वतःचे सॉफ्टवेअर).* मुक्त सॉफ्टवेअरचा आग्रह धरणारे येथे सर्वांत जास्त चुकतात. ‘इंटेल-मायक्रोकोड’ किंवा ‘एएमडी६४-मायक्रोकोड’ हे पॅकेज नाकारले म्हणून प्रोसेसर मुक्त होत नाही, कारण त्यात कारखान्यातून आलेला बंदिस्त मायक्रोकोड आधीच असतो. नाकारल्याने एवढेच होते की त्याची जुनी, सदोष आवृत्ती चालू राहते. जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर हा दोष उघडकीस आल्यापासून प्रोसेसरमधील कित्येक सुरक्षादोषांचे उपाय याच वाटेने आले आहेत. हे पॅकेज घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. घ्यायचेच नसेल, तर उत्पादकाने दिलेले बायॉसचे (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरचे) अद्ययावत रूप तरी बसवावे. त्यातूनही नवा मायक्रोकोड येऊ शकतो.

*ग्राफिक्स.* एएमडीच्या आजच्या ग्राफिक्सला ‘फर्मवेअर-एएमडी-ग्राफिक्स’ लागतेच. त्याविना ‘एएमडीजीपीयू’ हा ड्रायव्हर सुरू होत नाही आणि पडदा काळा पडण्याचीही शक्यता असते. येथे तत्त्वासाठी अडून बसायचे असेल, तर दुसरे यंत्र घ्यावे लागेल. इंटेलचे अंतर्गत ग्राफिक्स बऱ्याच पिढ्यांत फर्मवेअरविना चित्र दाखवते, मात्र वीजबचत आणि व्हिडिओची काही कामे त्याविना अपुरी राहू शकतात. एनव्हिडियाच्या बाबतीत मुक्त ‘नूव्हो’ ड्रायव्हर आहे, परंतु जीटीएक्स ९०० मालिकेच्या सुमारापासून कार्डाला उत्पादकाने स्वाक्षरी केलेले फर्मवेअरच चालते. मे २०२२ मध्ये एनव्हिडियाने कर्नलमध्ये चालणारा भाग खुला केला, तरी वरचा ग्राफिक्सचा भाग आणि कार्डावरचे फर्मवेअर बंदिस्तच आहेत. ‘आता एनव्हिडियाही मुक्त झाले’ हे वाक्य म्हणून अर्धेच खरे आहे.

*आवाज.* अलीकडच्या इंटेल लॅपटॉपांत आवाजासाठीही ‘फर्मवेअर-एसओएफ-साइन्ड’ लागते. या फर्मवेअरचा स्रोत खुला असूनही ते डेबियनच्या बंदिस्त विभागात आहे. बहुतेक यंत्रे उत्पादकाची स्वाक्षरी असलेलीच फाइल स्वीकारतात, त्यामुळे स्रोत हातात असूनही स्वतः बांधलेली फाइल तिथे चालवता येत नाही.

*तारेचे नेटवर्क.* रियलटेकच्या कार्डासाठी फर्मवेअर सापडले नाही अशी ओळ नोंदींत आली, तरी कार्ड बहुधा चालतेच. ती ओळ पाहून लगेच पॅकेज बसवू नये. आधी वेग आणि स्थैर्य पाहावे.

*वाय-फाय.* गाडे सर्वाधिक वेळा येथेच अडते, म्हणून त्यासाठी पुढचा टप्पा वेगळा ठेवला आहे.

## टप्पा ५: वाय-फाय बदलायचे असल्यास खरेदीपूर्वी पाहावयाच्या गोष्टी

फर्मवेअरची फाइल न मागणारे वाय-फाय आजही मिळते. अथेरॉसच्या ‘एटीएच९के’ ड्रायव्हरवर चालणाऱ्या पीसीआय एक्सप्रेस कार्डांना फाइल लागतच नाही, तर एआर९२७१ च्या यूएसबी अडॅप्टरांचे फर्मवेअर मुक्त असून ते डेबियनच्या ‘मेन’ विभागात ‘फर्मवेअर-एटीएच९के-एचटीसी’ या नावाने आहे. किंमत वेगात मोजावी लागते. ही सर्व कार्डे ८०२.११एन पिढीची आहेत आणि एआर९२७१ तर फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालते. दाट वस्तीच्या इमारतीत, जिथे शेजारच्या दहा घरांचे राउटर त्याच पट्ट्यात बोलत असतात, तिथे हा फरक रोज जाणवतो.

कार्ड मागवण्यापूर्वी लॅपटॉप उघडून तीन गोष्टी पाहाव्यात. वाय-फायची चिप मदरबोर्डला डाख लावून जोडलेली असेल, तर ती बदलता येत नाही. कार्ड सुटे असेल, तर खाचेचा आकार पाहावा, कारण जुनी अथेरॉस कार्डे मिनी पीसीआय एक्सप्रेस आकाराची आहेत आणि नव्या लॅपटॉपांत एम.२ खाच असते. तिसरी गोष्ट बायॉसची. काही जुन्या लॅपटॉपांचे बायॉस ठरावीक कार्डेच स्वीकारते आणि अनोळखी कार्ड दिसले की यंत्र सुरूच होऊ देत नाही. लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारातून जुना लॅपटॉप घेत असाल, तर दुकानातच तिसऱ्या टप्प्यातला पेनड्राइव्ह लावून पाहावा. दुकानदार दोन मिनिटे कुरकुर करेल, पण यादी तिथल्या तिथे पूर्ण होईल.

इशारा: कार्ड हाती येऊन चाचणी होईपर्यंत जुने कार्ड देऊन टाकू नये.

## टप्पा ६: प्रणाली बसवावी

इन्स्टॉलरची प्रतिमा (आयएसओ फाइल) उतरवून तिचा एसएचए५१२ ठसा (फाइल अखंड असल्याची खूण) जुळतो का ते पाहावे आणि मगच ती पेनड्राइव्हवर लिहावी. नेटवर्कविना अडकू नये म्हणून अँड्रॉइड फोन आणि त्याची यूएसबी तार जवळ ठेवावी. फोनचे यूएसबी टेदरिंग यंत्राला तारेच्या नेटवर्कसारखे दिसते आणि त्यासाठी कोणतीही फर्मवेअर फाइल लागत नाही. ही एक सोय हाताशी असली की घाईत चुकीचे निर्णय घेण्याचे प्रसंग फारच कमी होतात.

यादीतील सर्व फर्मवेअर स्वीकारायचे ठरले असेल, तर इन्स्टॉलर नेहमीप्रमाणे चालवावा. काही नाकारायचे असेल, तर इन्स्टॉलरच्या पहिल्या मेनूवर थांबून संपादनाची कळ दाबावी (यूईएफआय म्हणजे नव्या पद्धतीच्या बायॉसच्या यंत्रावर ‘ई’, जुन्या बायॉसवर ‘टॅब’) आणि कर्नलच्या ओळीत ‘फर्मवेअर=नेव्हर’ असे लिहावे. हे शब्द त्या ओळीतील तीन सलग उण्या चिन्हांच्या आधी लिहावेत, कारण चिन्हांनंतर लिहिलेले पर्याय बसवलेल्या प्रणालीच्या बूटच्या ओळीतही उतरतात.

तपासणी: पहिल्या बूटनंतर ‘/व्हार/लॉग/इन्स्टॉलर’ या फोल्डरमधील ‘फर्मवेअर-समरी’ ही फाइल पाहावी. इन्स्टॉलरने कोणते फर्मवेअर बसवले याची नोंद तिथे असते.

## टप्पा ७: भांडाराभोवती कुंपण घालावे

आता निवडक पॅकेजांनाच वाट द्यायची आहे. आधी एपीटीच्या (डेबियनच्या पॅकेज बसवणाऱ्या साधनाच्या) स्रोतांच्या फायलीत ‘मेन’च्या पुढे ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ लिहावे. मुख्य भांडार, अपडेट्स आणि सिक्युरिटी या तिन्ही ठिकाणी ते लिहायचे असते. सिक्युरिटीची ओळ सुटली, तर मायक्रोकोडची सुरक्षा-सुधारणा वेळेवर येणार नाही आणि तशी कोणतीही सूचनाही मिळणार नाही.

मग ‘/ईटीसी/एपीटी/प्रेफरन्सेस.डी’ मध्ये एक नवी फाइल करावी. तिच्या नावाला एकतर काहीच शेपूट नसावे किंवा ‘.प्रेफ’ असावे. दुसरे शेपूट लावले तर एपीटी ती वाचत नाही. तीत पहिली नोंद सर्वसाधारण असावी: पॅकेजच्या जागी तारकाचिन्ह, पिनच्या जागी ‘रिलीज सी=नॉन-फ्री-फर्मवेअर’ आणि प्राधान्य उणे १. त्याखाली एक ओळ मोकळी सोडून, मान्य केलेल्या प्रत्येक पॅकेजची स्वतंत्र नोंद त्याच पिनसह आणि ५०० प्राधान्याने करावी. नाव घेऊन केलेली नोंद तारकाचिन्हाच्या नोंदीवर मात करते, त्यामुळे फक्त नावे दिलेली पॅकेजेच आत येतात.

इशारा: नाकारलेले पॅकेज आधीच बसलेले असेल, तर कुंपण घातल्याने ते निघून जात नाही. ते तसेच राहते आणि त्याच्या सुधारणा मात्र थांबतात, म्हणजे दोन्हीकडून तोटा. ते आधी काढावे आणि मग कुंपण घालावे.

तपासणी: ‘एपीटी-कॅशे पॉलिसी’ ही आज्ञा नाकारलेल्या आणि मान्य केलेल्या एकेका पॅकेजचे नाव देऊन चालवावी. पहिल्यासमोर उमेदवार आवृत्ती नाही असे दिसले पाहिजे, तर दुसऱ्यासमोर आवृत्तीचा क्रमांक. त्यानंतर ‘चेक-डीएफएसजी-स्टेटस’ हे छोटे साधन बसवून चालवावे. बंदिस्त विभागांतून आलेली पॅकेजे ते मोजून दाखवते. ती यादी आणि चौथ्या टप्प्यातील निर्णयांची यादी तंतोतंत जुळली पाहिजे.

## टप्पा ८: नोंदी वाचताना होणाऱ्या चुका

इंटेलचे वाय-फाय सुरू होताना ड्रायव्हर आधी सर्वांत नव्या क्रमांकाची फाइल शोधतो, ती नसेल तर त्याखालची, आणि असेच उतरत जातो. त्यामुळे नोंदींत ‘उणे २’ या त्रुटीच्या (म्हणजे फाइल सापडली नाही) तीन-चार ओळी लागोपाठ येतात आणि शेवटी फर्मवेअर भरले गेल्याची ओळ येते. वाचायची असते ती शेवटची ओळ. ती असेल, तर आधीच्या त्रुटींकडे लक्ष देण्याचे कारण नाही.

तसेच ‘अपडेट-इनिटरॅमएफएस’ (बूटच्या सुरुवातीला लागणारी फाइल नव्याने बांधणारी आज्ञा) चालताना काही फर्मवेअर कदाचित नसावे अशा सूचनांची रांग लागते. ती ड्रायव्हरच्या सर्व संभाव्य फायलींबद्दल असते. दुसऱ्या टप्प्यातील यादीत ती चिप नसेल, तर त्या सूचनेसाठी काहीही बसवू नये.

बाहेरून बांधलेला ड्रायव्हर, मग तो एनव्हिडियाचा असो वा ब्रॉडकॉमचा, बसूनही सुरू होत नसेल, तर सिक्युअर बूट (फक्त स्वाक्षरी असलेले सॉफ्टवेअर चालू देणारी व्यवस्था) चालू आहे का ते पाहावे. स्वाक्षरी नसलेला ड्रायव्हर कर्नल अशा वेळी नाकारतो. ‘मोकयुटिल’ या आज्ञेने आपली स्वाक्षरीची किल्ली नोंदवून, पुढच्या बूटला येणाऱ्या निळ्या पडद्यावर तिला मान्यता द्यावी लागते. तो पडदा काही सेकंदच थांबतो आणि पुष्कळांकडून तो निसटतो.

## टप्पा ९: आवृत्ती बदलताना

डेबियन ११ वरून १२ वर जाताना स्रोतांच्या ओळीत केवळ ‘नॉन-फ्री’ ठेवले आणि नवा विभाग लिहिला नाही, तर जुने फर्मवेअर तसेच पडून राहते. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ वर जाताना आणखी एक अडचण येऊ शकते. फर्मवेअरची काही मोठी पॅकेजे त्यात फोडून लहान केली आहेत, आणि आपल्या कुंपणात नव्या नावांची नोंद नसल्यामुळे काल चालणारे उपकरण आज बंद पडू शकते. म्हणून आवृत्ती बदलण्यापूर्वी आपल्या चिपला लागणाऱ्या फायलीचे नाव ‘एपीटी-फाइल सर्च’ने नव्या आवृत्तीच्या भांडारात शोधावे, ती ज्या पॅकेजमध्ये असेल त्याचे नाव कुंपणाच्या फायलीत घालावे, आणि मगच अद्ययावत करण्याची आज्ञा द्यावी. फोनची यूएसबी तार याही वेळी जवळ असावी.